उजवीकडे वळायचं होतं

विमानाच्या केबिनमधल्या पोरी त्याला पाठीमागे ‘दीडशहाणे’ म्हणत. तोंडावर अर्थात कॅप्टन. सहवैमानिक बाईच्या मते त्याच्यातला जादाचा अर्धा तर सोडाच, पहिला एकही कुठे दिसत नव्हता. नाकाने कांदे सोलणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती, पण हा गृहस्थ रोज पोतंभर सोलायचा. कॉफी कशी ढवळावी इथपासून बायकांच्या हाती विमान का देऊ नये इथपर्यंत त्याचं मत तयार असे, आणि ते न मागता मिळे.

नशीब असं, की तिला कॅप्टन करायचं की नाही हे त्यानेच ठरवायचं होतं. तो परीक्षक. आजचं उड्डाण शेवटचं. त्याने हो म्हटलं की तिला कॅप्टनची डावी खुर्ची मिळणार. नाही म्हटलं तर आणखी वर्षभर उजवीकडे बसून ‘हो सर, हो सर’. घरी सासूबाईंनी ‘आमची कॅप्टन सून’ म्हणत सगळ्या नातेवाइकांना फोन करूनही टाकले होते.

विमान धावपट्टीकडे निघालं आणि टॉवरने पट्टी बदलली. तिथे शेजारी शेजारी दोन पट्ट्या. डावीवरून उडालेल्याने डावीकडे वळायचं, उजवीवरून उडालेल्याने उजवीकडे. शेंबड्या पोरालाही कळेल. यांना आधी डावी मिळाली होती, आता उजवी. म्हणजे संगणकात पट्टीही बदलायची आणि पुढचा मार्गही. रीत अशी, की एकाने भरायचं, दुसऱ्याने नकाशा हातात घेऊन एकेक वळण मोठ्याने वाचायचं आणि दोघांनी ते पडद्यावर पाहायचं.

तिने हात पुढे केला. त्याने विमान थांबवलं.

“राहू दे मॅडम, मी भरतो. तुमची बोटं फिरेपर्यंत इंधन संपेल.”

त्याने दोनचार बटणं दाबली. तिने नकाशा काढेपर्यंत तो म्हणालाही, “उजवीकडे, सरळ, मग वर. तोंडपाठ आहे माझं. तर काय सांगत होतो, आमचे जावईबापू. न्हाणीघराच्या फरश्या निवडायला यांना दोन महिने लागले. आता बोला.”

काय बोलणार? जावईबापूंच्या फरश्या ती सकाळपासून ऐकत होती. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. या माणसाचं आपण ऐकत नाही, याचा तिला मनातून थोडा अभिमानही होता.

“बरोबर,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत बसली. नकाशा मांडीवरच राहिला.

विमान उडालं. जमीन खाली गेली, चाकं पोटात गेली आणि विमान अगदी शहाण्यासारखं डावीकडे कलू लागलं.

“ताबडतोब उजवीकडे वळा,” टॉवरचा आवाज कानात आदळला. तिने त्याच्या बाजूच्या काचेतून पाहिलं. शेजारच्या पट्टीवरून उडालेलं विमान तिथेच होतं, खिडक्या मोजता येतील इतकं जवळ. दीडशहाणे पडद्याकडे बघत “हे असं कसं, हे असं कसं” म्हणत होते.

“माझ्याकडे द्या,” ती म्हणाली आणि त्याची वाट न पाहता तिने विमान उजवीकडे ओढलं. मागे कोणीतरी किंचाळलं. ते दुसरं विमान काचेतून सरकत मागे गेलं. आकाश मोकळं झालं तसा त्याला कंठ फुटला. विमान त्याने परत मागून घेतलं, हरवलेली छत्री मागावी तसं.

रेडिओ तिच्याकडे होता. टॉवरने विचारलं, “डावीकडे का वळलात?”

“सांग, समोर ढग होता,” तो म्हणाला.

बाहेर औषधालाही ढग नव्हता.

“ढग?”

“ढग. दोघांनी तेच सांगायचं. तुझं काम आज उत्तम झालंय, मी तसं वर कळवतो.”

तिला त्याची किळस आली. ‘कॅप्टनने मार्ग चुकीचा भरला’ हे वाक्य तिच्या जिभेवर आयतं तयार होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. ते कधी एकदा म्हणते असं तिला झालं. बटणावर बोट गेलं आणि तिला आपलंच ‘बरोबर’ ऐकू आलं. ते कशाच्या जोरावर म्हटलं होतं? याचा तिरस्कार करण्यात ती इतकी गुंग होती की समोरचा पडदाही तिला दिसला नव्हता. त्याने तिला विचारण्याच्या लायकीचं समजलं नाही, तिने त्याला ऐकण्याच्या. मागे बसलेली माणसं मात्र समजत होती की पुढे दोघंजण आहेत. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ही लाज त्या किळसेपेक्षा जड होती.

तिने बटण दाबलं. “ढग नव्हता. संगणकात जुनाच मार्ग राहिला होता. कॅप्टननी नुसती पट्टी बदलली, मी न बघता बरोबर म्हटलं.”

“गेली तुझी खुर्ची,” तो पुटपुटला. “अक्कल गहाण टाकलीस काय?”

मग रेडिओवर त्या दुसऱ्या विमानाच्या वैमानिक बाईचा आवाज आला. पोक्त होता, पण श्वास अजून खाली बसला नव्हता.

“वळताना तुम्ही आम्हाला पाहिलं होतं ना?”

दीडशहाण्यांनी घाईघाईने मान हलवून खूण केली, हो म्हण.

“नाही,” ती म्हणाली. “आम्ही दोघंही बघत नव्हतो.”