श्यामलाबाईंचा उजवा डोळा

श्रीनिवासराव निवृत्त झाले तेव्हा सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस दुपारचा झोपेल. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर पाणी अडवून थकलेला गृहस्थ. पडेल जरा, सकाळी चालून येईल, गणपतीत वर्गणीवरून बेताचं भांडेल. पण घरात 'रणशिंग' शिरलं आणि झोप गेली.

रणशिंग ही बातम्यांची वाहिनी. तिच्यावर बातम्या कमी आणि गर्जना फार. पडद्यावर चार चौकोन, चौकोनांत चार माणसं, आणि मधोमध निवेदक, ज्याला चौघांतल्या एकाचंही ऐकायचं नसे. दोन वर्षांत श्रीनिवासरावांचीही तीच तऱ्हा झाली. भाजी कसली करू असं विचारलं तरी ते "आधी मुद्द्यावर या" म्हणत. बेकरी 'त्यांची', म्हणून पाव बंद झाला. बिर्याणी त्या घरात जन्मात आली नव्हती, तरी तिच्यावरचा बहिष्कार त्यांनी रीतसर जाहीर केला. गाद्या पिंजायला येणाऱ्या माणसाला त्यांनी जिन्यातूनच परत धाडलं. तेव्हापासून सगळं घर गाठींवर झोपत होतं आणि श्रीनिवासराव त्याला त्याग म्हणत होते.

मुलगी सुनीती हिंजवडीत नोकरीला. तिने आधी वाद घातला, मग पुरावे दाखवले. ते फोनवर होते, आणि स्मार्टफोन हा हेर असतो हे रणशिंगने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ते बाद झाले. स्वतः श्रीनिवासराव बटणांचा फोन वापरत. मग तिने वाद सोडला आणि औषधासारखं दिवसातून एकदा, जेवणानंतर, भांडायचं ठरवलं.

अशात आईच्या, म्हणजे श्यामलाबाईंच्या, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. काचबिंदू दोन्ही डोळ्यांत जुनाच. डॉक्टर मुजावर तो कित्येक वर्षं सांभाळत आले होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, आता थांबायचं नाही. डोळ्यातला दाब चढतोय. लांबवलं तर नस जाईल, आणि तशी गेलेली नजर कुणालाही परत आणता येत नाही. उजवा आधी करू, डावा मागाहून. पुढच्या महिन्यातला दुसरा गुरुवार ठरला.

श्रीनिवासराव स्वतःची रांजणवाडी याच डॉक्टरांना तीनदा दाखवून आले होते. पण मुजावर हे नाव त्या दिवशी त्यांच्या कानावर जणू पहिल्यांदाच पडलं. नको म्हणाले. दुसरा डॉक्टर बघ. श्यामलाबाई म्हणाल्या, माझे डोळे इतकी वर्षं एकाच माणसाला माहीत आहेत, आता ऐन वेळी नवीन ओळख करून द्यायची नाही. त्यावर श्रीनिवासरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

सुनीतीने संपत केबलवाल्याला गाठलं. तेवढी एक वाहिनी आमच्याकडून उडवता येईल का, असं विचारलं. संपतला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाला, अशा ऑर्डरी येतातच. बहुतेक सुना देतात. लेक पहिलीच.

संध्याकाळी पडदा निळा झाला. श्रीनिवासराव त्या निळ्याकडे रात्रीच्या जेवणापर्यंत बघत बसले. सुनीतीला वाटलं, आता दोन दिवस चिडचिड, मग क्रिकेट. पण सकाळी ते ताजेतवाने उठले, दाढी केली आणि म्हणाले, "बंदी घातली. म्हणजे सगळं खरंच होतं."

त्याच दिवशी सात वाजता त्यांनी घडीची खुर्ची खाली पार्किंगमध्ये मांडली, हातात स्टीलचं ताट आणि डाव घेतला, ताट बडवलं आणि रणशिंग पुढे सुरू केलं.

श्रोतेही मिळाले. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची पोरं राहत. त्यांना वाटलं, काका चालू घडामोडी घेतायत, आणि तेही फुकट. मुळशीकडचा मच्छिंद्र तर पहिल्या रांगेत वही उघडून बसायचा.

अडचण एकच होती, बातम्या संपल्या. सीमेवर श्रीनिवासरावांचा वार्ताहर नव्हता, त्यामुळे सीमाच जवळ येऊ लागली. आधी स्वारगेटपर्यंत आली, मग समोरच्या इमारतीपर्यंत, मग थेट याच इमारतीत. दुसऱ्या मजल्यावरच्या आनंदीबाईंच्या तुळशीचं तोंड पश्चिमेला का आहे, हे सहज घडलंय असं आपण समजायचं का, असा सवाल एका संध्याकाळी त्यांनी देशाला विचारला. तुळशीला तोंड कुठे असतं, हे आनंदीबाईंनी गॅलरीतून विचारलं. तेव्हा त्यांना देशद्रोही ठरवण्यात आलं. दुसऱ्या दिवसापासून त्या जिन्यात समोर आल्या की श्रीनिवासराव भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

शेवटी सुनीतीने सांगून टाकलं. बाबा, बंदी वगैरे काही नाही, वाहिनी मीच बंद करायला लावली.

श्रीनिवासरावांनी तिच्याकडे फार मायेनं पाहिलं, अशी माया तिने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. उठून खिडकी लावली आणि हलक्या आवाजात विचारलं, "किती जण आले होते?"

"कोण?"

"घाबरू नकोस. तुझ्यावर दबाव आहे, कळतंय मला."

त्या संध्याकाळी ताट वाजलं आणि पहिली बातमी आली, की याच इमारतीतल्या एका तरुणीकडून खोटा कबुलीजबाब घेण्यात आला आहे.

गुरुवारच्या आदल्या दिवशी विशेष चर्चा ठेवली होती. विषय: डोळा कुणाचा? चार खुर्च्या मांडल्या होत्या. एकीत मच्छिंद्र, युवकांतर्फे. एकीत सुनीती, विरोधी पक्ष. एक खुर्ची आनंदीबाईंची, त्या अर्थातच आल्या नाहीत, मग तिच्यावर त्यांचा निषेध बसवला होता. चौथ्या खुर्चीत श्यामलाबाई, मेथीची जुडी मांडीवर घेऊन. पानं हातांनी चाचपून निवडत होत्या, कारण उजव्यानं आता उजेडाखेरीज फारसं काही दिसत नव्हतं आणि डावाही मळभ धरून होता.

श्रीनिवासरावांनी मुद्दा मांडला. ऑपरेशन म्हणजे काय, तर आतलं भिंग काढायचं आणि दुसरं बसवायचं. भिंग कोण बसवणार, तर मुजावर. मग त्या भिंगातून हिला काय दिसणार, हे कोण ठरवणार? हीच बाई उद्या आपल्याकडे बघेल आणि तिला आपण दिसणार नाही, त्यांना हवं ते दिसेल. आणि आपलं सगळं घर तिकडे दिसेल.

मच्छिंद्रने हात वर केला. "काका, ह्याला सोर्स काय हाय? पेपरात सोर्स लागतो."

"सोर्स मी."

मच्छिंद्रने ते लिहून घेतलं.

सुनीती म्हणाली, उद्या नाही गेलो तर आईचा डोळा कायमचा जाईल, हे तुम्हाला कळतंय ना. त्यांनी ताट बडवलं. ती पुन्हा म्हणाली, त्यांनी पुन्हा बडवलं. तिसऱ्यांदा तिने त्यांच्या हातातला डाव हिसकावला, तर त्यांनी चपलेनं ताट बडवलं.

तेवढ्यात श्यामलाबाईंनी मान वर केली. "अहो, मी आंधळी झाले तर चालेल ना तुम्हाला?"

श्रीनिवासराव छाती काढून म्हणाले, "लोकांनी देशासाठी प्राण दिले आहेत, श्यामला. तुला एक डोळा देववत नाही?"

"स्वतःचे दिले त्यांनी. बायकोचे नाही."

"आपण एक छोटासा ब्रेक घेऊ," श्रीनिवासराव म्हणाले आणि वर निघून गेले.

गुरुवारी सकाळी ते फ्लॅटच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, दोन्ही हातांनी चौकट धरून. श्यामलाबाई सरका म्हणाल्या. ते सरकले नाहीत. सुनीतीने मच्छिंद्रला हाक मारली. दोघांनी मिळून त्यांना खुर्चीसकट उचललं. खुर्ची हवेत असताना श्रीनिवासराव थेट प्रक्षेपण करत होते, की आपण पाहता आहात, एका ज्येष्ठ नागरिकाला स्वतःच्याच घरात हलवण्यात येत आहे. मच्छिंद्र त्यांना "काका, पाय वर घ्या, उंबरा हाय" म्हणत होता. त्यांनी पाय वर घेतले. खुर्ची जमिनीला लागली तेव्हा त्यांनी सुनीतीचं मनगट धरलं, आणि निवेदकाच्या आवाजात नाही, आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाले, "परत येऊ नकोस तू."

रिक्षात सुनीतीने बाही खाली ओढली. मनगटावर चार बोटं उमटली होती.

डॉक्टर मुजावरांनी साहेब का आले नाहीत म्हणून विचारलं, रांजणवाडी पुन्हा नाही ना झाली म्हणून चौकशी केली. संमतीची सही सुनीतीने केली. ऑपरेशन नीट पार पडलं.

दोघी घरी परतल्या. घर आईच्या नावावर असल्यामुळे परत न येण्याच्या हुकमाची अंमलबजावणी जरा अवघड होती. श्रीनिवासरावांनी मग दुसरा मार्ग काढला. नव्या डोळ्याशी संबंध तोडले. जेवताना ते बायकोच्या डाव्या हाताला बसू लागले. चालताना वळसा घालून डावीकडे यायचे. उजवीकडून जायची वेळ आलीच तर तोंडापुढे पेपर धरायचे, तिकडे कुणी बघत असेल तर त्याला अग्रलेख दिसावा म्हणून.

पट्टी निघाल्यावर श्यामलाबाईंनी डावा डोळा झाकून नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. नंतर स्वयंपाकघरात सुनीतीला म्हणाल्या, "मला वाटायचं, मोतीबिंदूमुळे यांचं तोंड असं वेडंवाकडं दिसतं. तसं नाहीये."

पण डाव्या बाजूला काहीतरी वेगळंच चाललं होतं, हे सुनीतीच्या हळूहळू लक्षात आलं. तिकडे बसले की श्रीनिवासराव हळू बोलायचे. इसबगोल कुठे ठेवलंय, विचारायचे. आज आमटी जमली म्हणायचे. त्या अर्ध्या आंधळ्या बाजूला त्यांचा संसार उरला होता तेवढा, बाकी सगळा पार्किंगमध्ये गेला होता.

तपासणीहून आल्यावर सुनीतीने सांगितलं, डॉक्टर डाव्यासाठी तारीख विचारतायत. श्रीनिवासराव तेव्हा डाव्या बाजूलाच होते, चहा बशीत ओतत.

"डावा राहू दे," ते म्हणाले. ताट वाजवलं नाही, मुद्दा मांडला नाही. "एवढा एक राहू दे, श्यामला. मग मी बोलायचं कुठून?"

सुनीतीला वाटलं, आता आई विरघळणार. श्यामलाबाईंनी सबंध मान वळवली आणि उजवा डोळा नवऱ्यावर आणला.

"इकडून बोला," त्या म्हणाल्या.

श्रीनिवासरावांनी बशी खाली ठेवली. त्यांचा हात टीपॉयवर चाचपडत गेला, पेपर सापडला, आणि तो त्यांनी सावकाश तोंडापुढे धरला.

श्यामलाबाईंनी समोर आलेली दोन्ही पानं वाचून काढली, मोठ्या अक्षरातलं आणि बारीकही. पेपर खाली आला नाही.

"जवळची तारीख घे," त्या सुनीतीला म्हणाल्या.