सात भोकांची मीठदाणी

मी एक जुनी मीठदाणी आहे. जाड पांढऱ्या काचेची, डोक्यावर पत्र्याचे झाकण आणि झाकणाला सात भोके. त्यांतली तीन आता इतरांपेक्षा मोठी आहेत. ती कशी झाली ते पुढे सांगते. मित्रांनो, माझा आवाज थकलेला वाटला तर समजून घ्या. एकाच टेबलावर सत्तेचाळीस वर्षे काढली आहेत मी.

ओंटारिओतल्या एका काचेच्या कारखान्यात मी घडले. एफी पार्डीच्या लग्नात तिच्या आत्याने मला आणि माझ्या जोडीच्या मिरपूडदाणीला न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर आणले. मिरपूडदाणी पहिल्याच हिवाळ्यात पडून फुटली. मी राहिले.

एफीचा नवरा अँब्रोस समुद्रात कॉड मासे पकडायचा. त्याचा सारा जन्म मिठात गेला. मासा मिठात, मांस मिठात, हातांच्या भेगांतही मीठ. दर रविवारी मोठ्या पातेल्यात खारवलेले मांस शिजायचे आणि त्याच पाण्यात बटाटे, कोबी, सलगम. ते पाणी या गावात कोणी फेकत नाही. वाटीत घेऊन पितात. एवढे सगळे खारट असूनही अँब्रोस पहिला घास घेण्याआधीच मला ताटावर उलटी करायचा. "हिच्याशिवाय जेवण म्हणजे गवत," असे म्हणायचा. मला त्याचा अभिमान वाटे. आता तेवढा वाटत नाही.

सत्तरी ओलांडल्यावर त्याचे पाय सुजू लागले. शेजारच्या गावची नर्स बर्निस टोबिन रक्ताचा अहवाल घेऊन आली.

"अँब्रोसकाका, तुमची मूत्रपिंडं दमलीत. मीठ बंद करा. नाहीतर यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागेल."

"यंत्र कुठंय?"

"सेंट जॉन्सला. आठवड्यातून तीनदा. म्हणजे तिकडंच राहायला जायचं."

अँब्रोसने खिडकीतून धक्क्याकडे पाहिले. "त्यापेक्षा मला पिंपात खारवून ठेवा," तो म्हणाला.

पण त्याने मीठ सोडले, आणि खरेच सोडले. खारवलेले मांस घरात येईनासे झाले. मला रिकामी करून कपाटात ठेवले. बाहेर तो निम्मे जेवून उठायचा आणि खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मला आत ऐकू यायचा.

मग त्यांच्या मुलीने, ग्लेंडाने, शहरातून एक डबा पाठवला. सोबत चिठ्ठी होती: 'बाबा, हे मीठ नाही, पण चव मिठाचीच. हवं तेवढं घ्या.' एफीने ती पूड माझ्यात भरली आणि कागदी डबा चुलीत सारला. डब्यावर बारीक अक्षरांत काही सूचना होती. ती कोणी वाचली नाही.

त्या पुडीत सोडियम नव्हते, पोटॅशियम होते. धडधाकट मूत्रपिंडे जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकतात. दमलेल्यांना ते जमत नाही. ते रक्तात साठते, स्नायू ढिले पडतात आणि शेवटी हृदयाची लय बिघडते. मला हे माहीत होते, पण बोलता येत नव्हते. तो मला उलटी करायचा आणि मी सांडत राहायचे.

तीन आठवड्यांत त्याला धक्क्यावरच्या पायऱ्या चढवेनात. शेजारचा क्लार म्हणाला, "मीठ सोडलंस ना, म्हणून. मिठाशिवाय कॉडसुद्धा टिकत नाही, तू काय टिकणार?"

अँब्रोसला ते पटले. त्या दिवसापासून तो मला दुप्पट हलवू लागला.

मंगळवारी दुपारी बर्निस आली तेव्हा तो बटाटे खात होता.

"मीठ घेता का, काका?"

"एक कणही नाही. सात आठवडे झाले."

"खरं बोलतोय गं," एफी म्हणाली. "मी पहारा देते."

बर्निसने त्याचे मनगट धरले, पूर्ण मिनिटभर ठोके मोजले. मग पुन्हा मोजले. तिची नजर माझ्यावर आली.

"मग ही भरलेली कशी?"

"ते मीठ नाही," अँब्रोस समजावणीच्या सुरात म्हणाला. "मिठासारखं आहे. ग्लेंडानं पाठवलंय."

बर्निसने चिमूटभर तळहातावर घेऊन जिभेच्या टोकाला लावले. "डबा कुठंय याचा?"

"चुलीत घातला."

"एफीकाकू, काकांचा कोट आणा. आत्ता इस्पितळात निघायचंय."

सहा दिवस घर रिकामे होते. मी टेबलावर तशीच, अर्धी भरलेली. एवढी वर्षे कौतुक करून घेतले, आणि शेवटी माझ्यातून हे सांडले.

तो परतला, बारीक होऊन, पण स्वतःच्या पायांनी. यंत्राची गरज अजून तरी नाही, असे बर्निसने सांगितले. बटाट्यातही पोटॅशियम असते, म्हणून आता ते बारीक चिरून आधी भिजत घालतात, मग भरपूर पाण्यात उकडतात, आणि ते पाणी मोरीत ओततात. पहिल्या रविवारी एफीचा हात पातेले तिरके करताना थबकला होता. मग तिने डोळे मिटून ओतले.

मला तिने धुऊन उन्हात वाळवले आणि माझ्यात सेव्हरीचा चुरा भरला. हा इथल्या परसातला वाळवलेला पाला, वासाला तिखट. तो भोकांतून पडेना. अँब्रोसने खिळा आणि हातोडी घेतली व तीन भोके मोठी केली. तिसऱ्या ठोक्याला त्याला दम लागला, पण घाव सरळ बसला.

मित्रांनो, आजारी माणसाच्या ताटाशी भांडे ठेवताना त्यात काय नाही एवढेच विचारू नका. काय आहे, तेही विचारा. प्रेमाने पाठवलेल्या डब्यावरची बारीक अक्षरेही वाचा. आम्ही भांडी जे भराल ते सांडतो.

एफीने माझ्या पोटावर चिकटपट्टी लावून त्यावर मोठ्या अक्षरांत 'सेव्हरी' असे लिहिले आहे. अँब्रोस रोज ते मोठ्याने वाचतो. "परवानगी आहे का, बाईसाहेब?" असे एफीला विचारतो.

"आधी घास तर घे," ती म्हणते.

तो घास घेतो. सावकाश चावतो. आणि मग मला उचलतो.