मरण किंवा अंतर

डॉर्कसचं लग्न पेटिग्रूबाईंच्या मागच्या अंगणात लागलं. शनिवार होता, सकाळभर तिने कपड्यांना खळ घालून इस्त्री केली होती आणि दुपारी हात धुऊन ती नवरी म्हणून उभी राहिली. नवरा एफ्राइम, तिच्यासारखाच त्या घरचा गुलाम; तंबाखूची पिंपं बनवण्यात केंटकीभर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बाईंनी आपला जुना झगा दिला आणि गोड केकही करायला लावला. सहा वर्षांपूर्वी विधवा झालेल्या या बाईंचं मन किती मोठं, असं आम्ही शेजारणी खुर्च्यांवर बसून बोलत होतो.

आमच्याकडे गुलामांच्या लग्नात पाद्री शपथ जरा बदलून वाचतात. आपल्याला 'मरणाने ताटातूट होईपर्यंत', त्यांना 'मरणाने किंवा अंतराने'. अंतर म्हणजे विक्री, पण देवासमोर तो शब्द काढायला जीभ रेटत नाही. एफ्राइमने शपथ मुकाट्याने म्हटली. डॉर्कस 'मरणाने' म्हणाली आणि तिथेच थांबली. पाद्री हॅस्केल यांनी वाट पाहिली. बिचारी गोंधळली असेल, असं समजून ते पुढे सरकले. आम्हाला हसू आलं.

तिसऱ्या महिन्यात मिसिसिपीत बाईंच्या भाच्याचं लग्न ठरलं. बाईंना चांदीची भांडी द्यायची होती. पण भाच्याने कळवलं की भांडी आहेत, पिंपं बनवणारा माणूस नाही. मग आहेर म्हणून एफ्राइमला बोटीत बसवलं. डॉर्कस तेव्हा विहिरीवर चादरी पिळत होती. तिला सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. जेवणाच्या वेळी ती त्याची मक्याची भाकरी झाकून बसली, तेव्हा स्वयंपाकीणबाईने तिला सांगितलं.

वसंतात बाईंनी तबेल्यातल्या सिलासशी तिचं जमवलं. तरणीताठी बाई रिकामी कशाला ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. मला नवरा आहे, एवढंच डॉर्कस म्हणाली. मार खाल्ला तरी तेच म्हणाली. शेवटी बाईंनी पाद्रींना बोलावलं.

त्या गुरुवारी आम्ही पाचजणी बाईंच्या दिवाणखान्यात दूरदेशीच्या अनाथ मुलांसाठी झबली शिवत होतो. डॉर्कसला दाराशी उभं केलं.

"धर्मसभेने विचार केलाय, डॉर्कस," पाद्री समजुतीच्या सुरात म्हणाले. "इतका लांब गेलेला नवरा मेल्यासारखाच धरायचा. तुला पाप लागणार नाही."

"तो मेलाय का, बाबा?"

"धर्माच्या हिशेबाने मेला."

तिने एप्रनचं टोक बोटांत धरलं. "मग मी विधवा झाले. बाईसाहेबांसारखी. सहा वर्षं झाली, त्यांना नाही कुणी सिलासच्या गळ्यात बांधलं. मलाही विधवेचे काळे कपडे घालू द्या आणि सोडून द्या."

आमच्या सुया थांबल्या. खोटं काय होतं त्यात? पण बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आवाज न चढवता त्यांनी मुकादमाला हाक मारली आणि तीस फटके सांगितले. अंगणातला आवाज आत येऊ लागला, तशी कुणीतरी खिडकी लावली. पाद्रींनी चहात आणखी साखर मागितली. मी शिवत राहिले. त्या झबल्याचे टाके सरळ आले होते, आणि त्याची मला आजही शरम वाटते.

रविवारी चर्चमध्ये डॉर्कसला दोघांनी धरून उभं केलं. पाठीमुळे तिला ताठ उभं राहता येत नव्हतं. शेजारी सिलास मान खाली घालून होता. पाद्रींनी विचारलं, या पुरुषाला नवरा म्हणून स्वीकारतेस का? "नाही," ती म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. पाद्रींनी वही उघडली आणि तिच्या नावापुढे 'होकार' लिहिलं.

खाली साक्षीदाराची सही लागते. पाद्रींनी दौत पुढे केली. मी पहिल्या बाकावरून उठले आणि सही केली.