भरल्या होडीचा पंखा

रेश्मानं पिशवीतून होडीचा पंखा काढून दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला आणि नूरमहंमदच्या हातातला पाना हातातच राहिला. तीन पात्यांचा, अकरा नंबरचा. रेश्माच्या नवऱ्याच्या, सहादेवच्या होडीच्या इंजिनाला तो नूरमहंमदनंच बसवला होता.

"चाचा, दुसरा द्या. होडी आता मी चालवनार हाय."

मुळा धरणाच्या फुगवट्यापलीकडं तिची वस्ती. दुधाचे कॅन, शाळेची पोरं, दवाखान्याची माणसं, सगळं सहादेवच्या होडीनं अलीकडं यायचं. गेल्या आषाढात नऊ माणसं घेऊन निघाला आणि समोरून वारा सुटला. इंजिनाला भार ओढेना. होडी आडवी झाली, उलटली. काठ जवळच होता म्हणून सहादेवनं एकेकाला बाहेर काढलं. शेवटी दमून स्वतःच खाली गेला. नऊ जणांचे जीव वाचवले, तरी लोक काय म्हणाले? पळवायची हौस नडली! नूरमहंमदनं तेही ऐकून घेतलं, आणि मूग गिळून बसला.

आता मात्र तो एकेक विचारू लागला. "माणसं किती बसत्यात?"

"नऊ-धा."

"कॅन?"

"चार. भरल्याले."

"मग हा अकराचा नको. ह्यो एका फेऱ्यात होडीला अकरा इंच रेटाया बघतो. रिकामी होडी पळती, पर भरलेल्या होडीत इंजिनाचा दम कोंडतो. आठचा घे. हळू जाईल, पर ओढंल."

रेश्मा त्याच्याकडं बघत राहिली. "चाचा, हे समदं त्यांना इचारलं हुतं?"

अरे, दोन शब्दांचा प्रश्न होता तो, किती बसतात! आता रेश्माला हो म्हणून टाकलं असतं तरी कोण बघायला येणार होतं? नूरमहंमदनं पाना खाली ठेवला.

"न्हाई, पोरी. त्यो म्हनला, पळाली पायजे. मी ह्यो लावला. एकटाच चक्कर मारून आला, हसत. मी म्हनलो, झ्याक! भरून बघ, एवढं म्हनायचं काम माझं हुतं. त्याला काय ठावं?"

रेश्माचे डोळे भरून आले. "एक वरीस मी त्यांनाच बोल लावत हुते," ती म्हणाली.

दुपारी काठावर आठचा पंखा बसला. होडीत माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती रचली, कॅन पाण्यानं भरून ठेवले.

"एक मानूस कमी हाय," रेश्मा म्हणाली. "तुमी बसा."

सहादेव गेल्यापासून नूरमहंमद होडीत चढला नव्हता. तो चढला. वारा समोरून होता. रेश्मानं इंजिनाला पुरता जोर दिला, तसा आवाज मोकळा झाला, पंख्याचे फेरे पुरे भरले. होडी सावकाश पण सरळ निघाली.

अर्ध्या पाण्यात तो म्हणाला, "बास, जमलं. फिरव आता."

तिनं फिरवली नाही. "पलीकडं आत्याबाई हायेत. मला सांगितलं ते त्यांना सांगा. पोराच्या नावानं लोकांचं लई ऐकलंय त्यांनी."

नूरमहंमदनं पलीकडच्या काठाकडं पाहिलं. मग त्यानं होकारार्थी मान हलवली.

होडी काठाला लागली. सहादेवची आई, बनुबाई, लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात आली.

"जपून, नूरभाऊ," म्हणत तिनं त्याला उतरवायला हात पुढं केला.