फौस्तिनोच्या गाडीचं बॉनेट

"चढ लागला की पाय दाबू नकोस. गियर खाली घे, तिला दम खाऊ दे. बाहेरून आणून काही चारू नकोस."

मिनीबसची चावी सेवेरिनोच्या हातात देताना माझे वडील त्याला एवढंच म्हणाले. जन्मभर त्यांनी ला पाझहून एल आल्तोपर्यंतचा चढ याच गाडीवर काढला होता. सेवेरिनो माझा नवरा. त्याने मान डोलावली, आणि ती त्याने मनापासूनच डोलावली होती.

गाडीचा मालक बदलला की ती कोपाकाबानाला मामितासमोर, म्हणजे आमच्या कुमारी मातेसमोर न्यायची, फुलांनी सजवायची, फादरकडून पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं, ही आमची रीत. लेकराला जसा धर्मपिता असतो तसा गाडीलाही हवा. आमच्या गाडीला फौस्तिनो उभा राहिला. तो सेवेरिनोच्याच मार्गावर गाडी चालवायचा. त्या दिवसापासून तो आमचा कोंपाद्रे झाला, मी त्याची कोमाद्रे. हे नातं सख्ख्या भावंडांपेक्षा जड असतं. कोंपाद्रेशी खोटं बोलणं म्हणजे मामिताशी खोटं बोलणं, असं मला लहानपणापासून शिकवलेलं.

धर्मपित्याने काहीतरी द्यायचं असतं. फौस्तिनोने एक यंत्र आणलं. चकाकती नळी, तिच्यात पात्यांचं छोटं चक्र. हवेच्या पाइपात बसवायची. आमच्या उंचीवर हवा विरळ, इंजिन धापा टाकतं. हे चक्र हवा घुसळून आत ढकलतं, मग ताकद वाढते आणि पेट्रोलही कमी लागतं, असं त्याने सांगितलं. मी हळूच विचारलं, एवढं सोपं असतं तर गाडी बनवणाऱ्यांनीच नसतं का बसवलं?

तो हसला. "कोमाद्रे, तुम्ही जपमाळ सांभाळा, इंजिन आम्हाला सोडा. माझ्या गाडीत हेच आहे. उगाच का मी सगळ्यांच्या पुढे असतो?"

फादर आले तेव्हा बॉनेट उघडंच होतं. इंजिनावर पाणी पडलं, तसं त्या नळीवरही पडलं.

तिथेच सगळं अडकलं. महिन्याभरात सेवेरिनोच्या लक्षात आलं की पेट्रोल जास्त जातंय. चढावर गाडी अडायची, मागचे हॉर्न वाजवायचे. एकदा एक म्हातारी मासेवाली उतरता उतरता म्हणाली, "पोरा, मी पायी जाते, मला घाई आहे." सगळी गाडी हसली, तोही हसला. घरी येऊन मात्र जेवला नाही. मी म्हटलं, काढून टाक ती नळी. तो म्हणाला, "आशीर्वादाचं पाणी पडलंय तिच्यावर. मी कोण काढणारा?" रोज सकाळी जपमाळ झाल्याशिवाय चहाही न घेणारी मी; नळीचा विषय मी तिथेच सोडला.

त्याने फौस्तिनोला विचारलं. कोंपाद्रे म्हणाला, यंत्र उत्तम आहे, तुझा पाय जड आहे. मग माझा नवरा स्वतःच्या पायाला दोष देऊ लागला. जाड तळव्याचे बूट सोडून पातळ चपलांत गाडी चालवायला लागला, जूनच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्याच्या थंडीतसुद्धा. पाय सुजायचे. मी मीठपाण्यात बुडवून चोळून द्यायची.

यंदा फौस्तिनोने नवी कोरी गाडी घेतली आणि धर्ममाता म्हणून मला विचारलं. मी आनंदाने हो म्हटलं. मामिताच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावून तिलाही शब्द दिला, की या गाडीला हार मीच घालीन आणि तिच्यासाठी रोज एक जप करीन.

आम्ही आमच्याच गाडीने निघालो. तिकिनाला तराफ्यावरून सरोवराची अरुंद सामुद्रधुनी ओलांडली. पुढच्या चढावर गाडी थांबलीच. बाकीचे सगळे उतरले तेव्हा कुठे ती हलली; ते मागून चालत आले. सेवेरिनो स्टिअरिंगवर वाकून बसला होता, आणि त्याचे ओठ हलत होते. तो माफी मागत होता, गाडीची की वडिलांची, कोण जाणे.

देवळासमोर गाड्यांची रांग लागली होती. फटाके, बिअरचा फेस, गोड लाह्यांच्या पिशव्या. फौस्तिनोची गाडी सर्वांत पुढे, तिच्या टपावर रंगीत टोपी. हाराचा अंदाज घ्यायला मी पुढे गेले. फादर यायचे म्हणून त्याने बॉनेट उघडलेलं होतं.

वर्षभर मी ती नळी पाहत आले होते. कुठे बसते ते डोळे मिटूनही सांगितलं असतं. तिथे साधा काळा पाइप होता.

"कोंपाद्रे," मी म्हटलं, "तुमच्यात नाही बसवलं?"

"यात?" तो फुगे बांधत होता. "नव्या गाडीत बाहेरचं काही घातलं तर वॉरंटी जाते, कोमाद्रे."

"आणि जुनीत?"

फुग्याची गाठ त्याला जमेना. "जुनी जात होती ना चांगली," तो म्हणाला. "मग कशाला घालायचं?" मग माझ्याकडे न बघता पुढे बोलला, की ज्यांनी ती यंत्रं आणली ते भले लोक होते, वाटून टाक म्हणाले, म्हणून त्याने वाटली. आमच्या मार्गावरच्या बऱ्याच जणांना दिली होती.

मी आवाज चढवला नाही. मला येतही नाही. तो चढ, ती मासेवाली, ते मीठपाणी, सगळं त्याला ठाऊक होतं. आमच्याच टेबलाशी बसून त्याने ते ऐकलं होतं, वर आणखी बटाटे वाढून घेतले होते.

मागे येऊन सेवेरिनोला सांगितलं.

"नाहीच?"

"नाही. जुनीतही नव्हतं."

त्याने स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. "मग माझा पाय?"

"तुझ्या पायाला काही झालेलं नाही."

त्याने बॉनेट उघडलं, पाना घेतला आणि फादर आमच्या गाडीपाशी पोचायच्या आत ती नळी काढली. वडिलांचा जुना पाइप सीटखाली होता, तो बसवला. नळी कुठे ठेवावी ते त्याला कळेना. शेवटी ती बाजूला दगडावर ठेवली, अलगद, कारण पाणी पडलेलं होतं ना. मग रांगेच्या मागच्या टोकाकडून येत फादर पोचले, पाणी शिंपडून पुढे गेले.

तेवढ्यात फौस्तिनोची बायको तेओदोरा हाका मारू लागली. धर्ममाता कुठे आहे, हार कुठे आहे? तिला बिचारीला यातलं काही माहीत नव्हतं. ग्लॅडिओलसच्या फुलांचा हार आमच्या मागच्या सीटवर ओल्या फडक्यात होता.

"तू जाणार?" सेवेरिनोने विचारलं.

"मी मामिताला सांगितलंय."

मग दार उघडून त्यानेच फडकं सोडलं आणि हार माझ्या हातांवर ठेवला. सोबत यायला मात्र त्याचं पाऊल उठलं नाही, आणि मीही चल म्हटलं नाही. शाल सारखी केली आणि रांगेच्या कडेने, गाड्यांच्या उघड्या बॉनेटांपुढून, मी एकटी चालू लागले.