गुडघ्याचा कस

अंगठी मधल्या पेरापाशी येऊन अडली होती. एमआरआय मशीनवरची क्रांती नावाची मुलगी साबणाचं पाणी घेऊन शेजारी उभी होती – निघेल काका, घाई नाही – आणि आप्पासोला मात्र हसू आवरत नव्हतं, कारण चाळीस वर्षं मदुरैत सराफांचं सोनं आटवून शुद्ध करून देणाऱ्या विट्याच्या गलाईवाल्याला मशीनमधल्या चुंबकाची भीती घालणं म्हणजे माशाच्या पिलाला पोहणं शिकवणं.

"आवं ताई, सोनं चुंबकाला लागत न्हाई. सोन्याचा कीस आला की आमी आदी त्याच्यावरनं चुंबकच फिरवतो. लोखंड तेवढं चिकटतं, सोनं हाय तिथंच ऱ्हातं."

"असेल काका. पण आत काहीच न्यायचं नाही."

मग अंगठी निघाली, बोट उघडंबोडकं झालं, आणि तो त्या अरुंद फळीवर आडवा झाला. डोकं बाहेर, पाय आत. उजव्या गुडघ्याभोवती प्लास्टिकचा पिंजरा, कानात बोळे, हातात दाबायचा रबरी फुगा. हलायचं नाही, एवढंच. छाती मात्र पहिल्यांदा मदुरैला निघालेल्या दिवशी धडधडली होती तशी धडधडत होती, आणि ती भीती नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कारण आज कळणार होतं. एक्स-रेत हाडं दिसतात आणि मधली फट दिसते, डॉक्टर म्हणाले होते. मधली गादी, म्हणजे कूर्चा, किती उरलीय ते यातच दिसेल. बऱ्यापैकी असली तर व्यायामावर भागेल, बेताबेतानं खाली बसताही येईल. संपली असली तर सांधा बदलायचा, आणि मग उकिडवं बसणं विसरायचं. डॉक्टर हे सहज बोलून गेले. उकिडवं बसणं विसरायचं! अहो, गलाईवाला दुसरं करतो काय? भट्टी जमिनीवर, सोनं वितळवायची मूस भट्टीत, आणि माणूस तिच्यापुढं उकिडवा... आणि आता तर लेक, पल्लवी...

पंधरा दिवसांपूर्वी, भाकरी मोडता मोडता, जणू मीठ मागावं तशी ती म्हणाली होती, "आप्पा, मला गलाई शिकवा. इथंच विट्यात भट्टी घालते." रसायनशास्त्र शिकलेली, कारखान्याच्या लॅबमध्ये तीन वर्षं काढलेली पोरगी. भावकीत हसले सगळे, पोरगी कुठं मुशीपुढं बसती व्हय! आप्पासो हसला नाही. त्याचा घास तोंडातच राहिला. आपली विद्या आपल्याबरोबरच जाणार असं त्यानं धरूनच चाललं होतं, आणि ती अशी ताटावर येऊन हात पुढं करत होती. इतका आनंद त्याला लग्नातसुद्धा झाला नव्हता. खोटं कशाला बोला. पण शिकवायचं म्हणजे वर्षभर तिच्या शेजारी उकिडवं बसायचं. सोनं वितळून निवळतं तेव्हा त्यावर हिरवट झाक येते, ती पळभरच टिकते, आणि ती ओळखायला डोळा मुशीच्या जवळ लागतो...

ठक् ठक् ठक् ठक्. मशीन सुरू झालं. कुणीतरी पत्र्याच्या डब्यात शिरून हातोडी मारत सुटलंय. मार गड्या, मार! आजवर मी जगाच्या सोन्याचा कस सांगितला, आज माझा कस निघतोय. चांगला निघू दे. तसा निघेलच म्हणा. आठ दिवस जिना चढलो नाही, रोज कोमट तेलानं चोळून घेतलंय, सकाळी दुखायच्या दोन गोळ्या...

आणि तिथंच विचाराला ठेच लागली.

मदुरैत गिऱ्हाइकं मोडीचा दागिना विकायला आणण्याआधी चिंचेनं घासून लखलखीत करायची. तो दिवसभर हसायचा त्यांना. अरे, घासून कस वाढतो होय? आणि आता? डॉक्टरांपुढं, बसताना जरा कळ येते, एवढंच बोललेला, तेल चोळून, गोळ्या खाऊन, गुडघ्याला चकाकी आणून इथं आडवा झालेला हा कोण?... आप्पासो लेका, तूपण चिंच लावूनच आलास की रं!

हसू पोटातून आलं ते थेट पायापर्यंत गेलं. मशीन थांबलं.

"काका, हललात. हा भाग परत घ्यावा लागेल."

"घ्या," तो म्हणाला. "नीट घ्या."

या खेपेला तो दगडासारखा पडून राहिला. चांगला निघू दे असं आता त्याच्या मनात येईना. खरा निघू दे. गादी असो, नसो, जे असेल ते दिसू दे. धडधड तशीच होती, उलट वाढली होती, आणि याचं त्याला नवल वाटत होतं.

बाहेर येताना काचेपलीकडच्या पडद्यावर त्याला आपला गुडघा दिसला. काळ्या काठाची दोन हाडं, मध्ये करडी पट्टी, एका बाजूला सायीएवढी, दुसरीकडं... तिथं होती का नव्हती? त्यानं डोळे बारीक केले. नुसत्या रंगावरून कस सांगणाऱ्या आप्पासोला काहीच सांगता येईना. क्रांती म्हणाली, "रिपोर्ट संध्याकाळी. मला काही सांगता येत नाही, काका."

पल्लवी बाकावर बसली होती. "लय वेळ लागला, आप्पा. दुखलं का?"

एरवी तो नाही म्हणाला असता.

"दुखतं. दीड वर्स झालं. खाली बसून उठलो की डोळ्यापुढं अंधारी येती. तुला सांगितलं न्हाई. डाक्टरलाबी न्हाई."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. रागावली असावी. मग म्हणाली, "सांगून टाकूया त्यांना. आन् भट्टी ओट्यावर घालू, कमरेएवढ्या. तुमी उभ्यानं शिकवा."

छे! भट्टी भुईवरच असते. उभ्या माणसाला झाक दिसत नाही; मामानं त्याला तसं शिकवलं होतं, मामाला त्याच्या उस्तादानं... तो हे सगळं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की चाळीस वर्षांत आपण एकदाही उभं राहून पाहिलेलं नाही. दिसेलही. नाहीही दिसणार. कुणाला ठाऊक? संध्याकाळ व्हायला अजून चार तास होते, गुडघ्यात काय उरलंय ते कळलं नव्हतं, आणि त्याला मात्र तिथल्या तिथं, त्या बाकावर, एकदा उभ्यानं मुशीत पाहायची विलक्षण घाई झाली होती.