मॅच चालू असताना

आमच्या घरात मॅच चालू असताना मी बाहेरच्या खोलीत यायचं नाही, असा कायदा होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी चहाचा ट्रे घेऊन आत आले आणि नेमका तेव्हाच समोरच्या टीमनं गोल मारला. पुढच्या महिन्यात रिकामे कप उचलायला आले, पुन्हा तेच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, दुसरं काय! पण आमच्या ह्यांनी कावळ्यालाच धरलं. "तू पांढऱ्या पायाची आहेस गं," असं हसत म्हणाले, आणि हसता हसता ते कायमचं होऊन बसलं.

मी भांडले नाही असं नाही. "तुमचे अकरा धटिंगण पळतात, त्यांच्या तंगड्यांत जोर नाही आणि दोष माझ्या पायांना?" असं तोंडावर विचारलं. तर म्हणाले, "खरं आहे गं तुझं. पण उगाच विषाची परीक्षा कशाला?" शेवटी माझं शिलाई मशीनच स्वयंपाकघरात आलं. मी कपडे अल्टर करून देते. पँटची उंची कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल, असली कामं. भिंतीपलीकडे मॅच आणि अलीकडे माझं मशीन. गोल झाला की मला आरडाओरड्यावरून कळायचं. मॅच संपली की हे हाक मारायचे, "ये गं आता!" मग मी जायची. बाकी माणूस लाखमोलाचा होता. काचेच्या दुकानात काच कापायचे, बोटांना सदा चिकटपट्ट्या, पण घरात कधी आवाज चढवला नाही.

हे गेले ते सेमीफायनलच्या दुपारी. मित्र स्टेडियमवर गेले होते, लेक औषधाच्या दुकानात ड्युटीवर होती. घरात आम्ही दोघंच. मॅच संपल्याचं मला ऐकू आलं, पण हाक आली नाही. हरले असतील, मला वाटलं. हरले की हे तासभर कुणाशी बोलायचे नाहीत. म्हणून मी हातातली पँट पुरी केली, दोरा तोडला, इस्त्री फिरवली, आणि मग बाहेर आले. टीव्हीवर निळे झेंडे नाचत होते. आपण जिंकलो होतो. हे खुर्चीत होते, मान एका बाजूला.

तेव्हापासून मला काही वाटत नाही. लोक येतात, माझा हात हातात घेतात, मी त्यांना चहा करून देते. लेक म्हणते, आई, एकदा रड. मी म्हणते, बघू.

फायनल आली तेव्हा मित्रमंडळी म्हणाली, त्याच्या घरी बसूनच बघू, त्याला बरं वाटेल. या म्हटलं. लेकीनं मला दंडाला धरून ह्यांच्या खुर्चीत बसवलं. "तो मूर्खपणा बाबांबरोबर संपला. आज तू आत." कुणी 'नको' म्हणालं नाही. म्हणजे कुणी 'हो'ही म्हणालं नाही.

पहिला हाफ गोलाशिवाय गेला. मी चहा टाकायला उठले, तर मागोमाग ह्यांचा जुना दोस्त आला. बस चालवतो. सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणतात. कप विसळायच्या निमित्तानं सिंकपाशी उभा राहिला.

"वहिनी, एक सांगायचंय. पोटात ठेवून जेवण जात नाही मला."

"सांगा ना, भावजी."

"त्या दिवशी मी डेपोत होतो. स्कोअर विचारायला त्याला फोन केला. म्हणाला, एकानं पुढे आहोत, पण छातीवर कुणी बसल्यासारखं होतंय. मी म्हटलं, अरे, मग वहिनींना हाक मार!" तो नळाकडे बघत होता. "तर म्हणाला, दहाच मिनिटं राहिलीत. आता तिला कशाला आत आणू?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, उरलेला गाळला, साखर घातली की नाही ते आठवेना. "घेऊन जा हे कप," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. ओरडायला हवं होतं, पण ओरडायला आत काहीतरी असावं लागतं.

आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले.

दुसऱ्या हाफमध्ये आपला गोल झाला. सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. मी आयुष्यात पहिल्यांदा गोल होताना पाहिला. बॉल जाळीत गेला, एवढंच.

मग ती शेवटची दहा मिनिटं आली.  एकेकाची नजर माझ्याकडे यायची आणि माझ्यावरून दाराकडे जायची. एक जाडेले भावजी आहेत, त्यांनी घसा खाकरला. "वहिनी, जरा पाणी मिळेल का?"

"जग तुमच्या पायाशी आहे," मी म्हटलं.

मी हलणार नव्हते. मी मनात हिशेब मांडला होता. मी बसलेली असताना आपण हरलो, तर आमच्या ह्यांचं खरं. मी खरंच पांढऱ्या पायाची, आणि हाक न मारण्याला काहीतरी कारण होतं. आणि जिंकलो, तर कारणच नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी कधी या खेळात जीव घातला नाही, तो आज घातला. देवा, समोरच्यांना एक गोल दे. एकच.

समोरच्यांनी मारलासुद्धा. बॉल खांबाला लागला आणि बाहेर गेला. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. लेकीला वाटलं, मी आपल्यासाठी देव पाण्यात ठेवलेत. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

शिट्टी वाजली. आपण कप जिंकलो.

खोली दणाणून गेली. जाडेले भावजी रडत होते. ड्रायव्हरनं येऊन माझे दोन्ही हात धरले, त्याचं भानच सुटलं होतं. "वहिनी! तुमचा पायगुण! तुम्ही बसलात म्हणून जिंकलो आपण!" बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच कळलं. हात सुटले.

 टीव्हीवर झेंडे नाचत होते, त्या दिवशीसारखेच.

मी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. ह्यांचं डोकं टेकायचं तिथं कापड थोडं काळवंडलंय.

"अहो," मी म्हटलं, "हाक मारली असतीत तरी चाललं असतं."